फुगलेली, रेंगाळणारी व्हर्च्युअल मशीन ताळ्यावर कशी आणायची

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, बनवून काही महिने झाले की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली म्हणजे आतमध्ये जेमतेम ९ जीबी वापरात दिसतात आणि लॅपटॉपवर मात्र तिची फाइल ३५ जीबी खाऊन बसलेली असते. दुसरी म्हणजे मशीन इतकी मंद झालेली असते की टर्मिनल उघडेपर्यंत कंटाळा येतो. यावर बहुतेक जण रॅम वाढवतात, कोअर वाढवतात, आणि मशीन आणखीच मंद होते. गेस्टला (आतल्या मशीनला) जे देतो ते होस्टकडून (खऱ्या लॅपटॉपकडून) काढून घेतलेलं असतं. होस्टचाच श्वास कोंडला की गेस्ट कितीही गलेलठ्ठ केली तरी पळत नाही. हा हिशेब डोक्यात ठेवला तर पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटेल.

उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडी घेऊ: ८ जीबी रॅम आणि ४ कोअरचा विंडोज ११ लॅपटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स ७ (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आणि आत उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार). लॅपटॉप हा होस्ट, उबंटू ही गेस्ट. या लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन लिपीत टाइप करा. लिनक्सच्या कमांड सगळ्या लहान अक्षरांत असतात. अपवाद आला तिथे तसं सांगितलं आहे.

आधी मोजा, मग हात लावा

मशीन चालू असताना होस्टवर टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबवर जा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, तर होस्ट रॅममधला माल डिस्कवर टाकत बसला आहे. या वेळी गेस्टची रॅम वाढवणं म्हणजे आगीत तेल. रॅम कमी करायला हवी.

मग गेस्टमध्ये ‘फ्री -एच’ चालवा. इथे नवशिक्यांची नजर ‘फ्री’ या रकान्यावर जाते आणि तिथला छोटा आकडा पाहून धसका बसतो. पाहायचा रकाना शेवटचा, ‘अव्हेलेबल’. लिनक्स रिकामी रॅम कॅशसाठी वापरतो आणि मागणी आली की सोडतो, म्हणून ‘फ्री’ कमी दिसणं हे दुखणं नव्हे.

त्यानंतर ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून अर्धा मिनिट पाहा. दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या रकान्यांत सतत आकडे येत असतील तर गेस्टला रॅम कमी पडते आहे. ते शून्यावर असून ‘डब्ल्यूए’ मोठा असेल, तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहतो आहे. तिथे रॅम किंवा कोअर वाढवून काहीही बदलणार नाही. सगळं शून्याजवळ आहे आणि तरी मशीन रेंगाळते, तर पुढचा भाग नीट वाचा.

खिडकीतलं हिरवं कासव

मशीनच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात बारीक चिन्हांची रांग असते. त्यात हिरवं कासव दिसलं, तर मंदपणाचं मोठं कारण सापडलं असं समजा. व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय थेट मिळत नाही, ती हायपर-व्हीने (विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीने) आधीच ताब्यात घेतली आहे आणि सगळं काम त्याच्यामार्फत चाललं आहे, असा त्या चिन्हाचा अर्थ. हायपर-व्ही तुम्ही स्वतः चालू केलेलं नसलं तरी डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय), डॉकर डेस्कटॉप (कंटेनर चालवणारं साधन), विंडोज सँडबॉक्स किंवा मेमरी इंटिग्रिटी यांपैकी कोणीतरी ते चालू केलेलं असतं.

कासव घालवायचं असेल तर या क्रमाने जा.

१. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशन डिटेल्स, तिथे मेमरी इंटिग्रिटी बंद करा.

२. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म आणि विंडोज सँडबॉक्स यांच्यासमोरच्या खुणा काढून टाका.

३. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायझरलाँचटाइप ऑफ’ चालवा.

४. रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज जुनीच अवस्था परत आणतं.

करण्याआधी तीन गोष्टी लक्षात घ्या. डब्ल्यूएसएल २ आणि डॉकर डेस्कटॉप यानंतर चालणार नाहीत. ते हवे असतील तर खुणा परत करून तीच कमांड ‘ऑफ’च्या जागी ‘ऑटो’ लिहून द्यायची. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, ती बंद करणं ही किंमत मोजणंच आहे. आणि ड्राइव्हवर बिटलॉकर (ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय) असेल तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बूटच्या सेटिंगला हात लावू नका. कंपनीच्या लॅपटॉपवर हे आयटी विभागाला विचारल्याशिवाय करूच नये.

याच्या उलट एक प्रकार असतो: व्हर्च्युअलायझेशन बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ या ओळीपुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं असेल, तर बायोसमध्ये जाऊन इंटेलवर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ चालू करा.

रॅम आणि कोअर: कमी देण्यात शहाणपण

८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ स्वतःच ३ ते ४ जीबी धरून ठेवतं, ब्राउझर वेगळा. म्हणून गेस्टला ३ जीबी, फार तर ४ जीबी. उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप किमान ४ जीबी मागतो, म्हणजे अशा लॅपटॉपवर तो पहिल्यापासूनच ओढाताणीत चालणार. झुबंटू किंवा लुबंटू घेतलं तर २ ते ३ जीबीत काम होतं. १६ जीबीचा लॅपटॉप असेल तर ६ जीबी निर्धास्त द्या.

कोअरच्या बाबतीत टास्क मॅनेजरमध्ये ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ हे दोन आकडे वेगळे पाहा. ४ आणि ८ दिसत असतील तर खरे कोअर ४ आहेत. गेस्टला २ द्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या प्रोसेसरच्या पट्टीवर हिरवा भाग संपून लाल सुरू होतो, तिथे तर कधीच जाऊ नका. गेस्टचा प्रत्येक कोअर हा होस्टच्या दृष्टीने एक धागा (थ्रेड) असतो. गेस्टच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) एका कोअरवर कुलूप धरलं आणि नेमक्या त्याच क्षणी होस्टने तो धागा बाजूला ठेवला, तर बाकीचे कोअर त्या कुलपाची वाट पाहत वेळ जाळतात. जितके कोअर जास्त, तितकी ही गाठ पडायची शक्यता जास्त. त्यामुळे ४ कोअरची मशीन २ कोअरपेक्षा मंद चालल्याचा अनुभव अनेकांना येतो आणि कारण कळत नाही.

एक्झिक्यूशन कॅप १०० वर, पॅराव्हर्च्युअलायझेशन ‘डीफॉल्ट’वर आणि नेस्टेड पेजिंग चालू असू द्या. या तिघांना हात लावायची गरज नाही.

सगळ्यात मोठा फायदा मात्र याहून सोप्या गोष्टीत आहे: गेस्टमध्ये डेस्कटॉपच ठेवू नका. डेटाबेस, वेब सर्व्हर, पायथन, सी प्रोग्रॅमिंग, नेटवर्कचे प्रयोग यांतल्या कशालाही गेस्टच्या आत खिडक्या लागत नाहीत. उबंटू सर्व्हर १ ते २ जीबीत आरामात चालतं. आधीच डेस्कटॉप टाकलेला असेल तर ‘सुडो सिस्टिमसीटीएल सेट-डीफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट’ देऊन रीबूट केलं की मशीन थेट मजकुराच्या पडद्यावर उघडते. परत डेस्कटॉप हवा असेल तर ‘मल्टी-यूजर’च्या जागी ‘ग्राफिकल’.

मग कामासाठी होस्टवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचं टर्मिनल उघडण्याच्या सोयीने) आत जायचं. गेस्टमध्ये ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ करा. मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एनएटी ठेवून पोर्ट फॉरवर्डिंग उघडा आणि एक ओळ घाला: होस्ट आयपी १२७.०.०.१, होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२. दोन्हीकडचे आयपीचे रकाने रिकामे सोडले तरी चालतं, पण १२७.०.०.१ लिहिलं की वायफायवरच्या इतर कोणाला तो दरवाजा दिसत नाही. आता विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘एसएसएच -पी २२२२’ आणि पुढे तुमचं यूजरनेम, ॲटचं चिन्ह आणि १२७.०.०.१. मशीन ‘हेडलेस स्टार्ट’ने सुरू करा, म्हणजे खिडकीही उघडत नाही.

डिस्कची फाइल फुगते कशी

‘डायनॅमिकली अलोकेटेड’ डिस्क म्हणजे लागेल तशी वाढणारी फाइल. ती वाढते, पण आपण होऊन लहान होत नाही. गेस्टमध्ये ५ जीबीची फाइल डिलीट केली तर गेस्टची फाइल सिस्टिम फक्त ‘ही जागा मोकळी’ अशी नोंद करते, तिथला जुना मजकूर जिथल्या तिथे राहतो. वहीच्या अनुक्रमणिकेतून धड्याचं नाव खोडलं म्हणून पानं कोरी होत नाहीत, तसंच. होस्टला ती नोंद वाचता येत नाही, त्याला भरलेली पानंच दिसतात.

व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय फाइल (म्हणजेच मशीनची डिस्क) १ एमबीच्या ठोकळ्यांची बनलेली असते. आक्रसवताना तो फक्त पूर्ण शून्यांनी भरलेले ठोकळे काढून टाकतो. म्हणून आधी मोकळी जागा शून्यांनी भरावी लागते आणि मग फाइल आक्रसते. हा क्रम चुकला की ‘कमांड दिली, पण फाइल तेवढीच’ ही तक्रार येते.

पायरी १: मशीन पूर्ण बंद करा. ‘सेव्ह स्टेट’ चालणार नाही. तिचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आक्रसण्याचं काम मध्येच तुटलं तर फाइल बिघडू शकते, त्यामुळे लॅपटॉप चार्जरवर लावा आणि स्लीप बंद ठेवा.

पायरी २: स्नॅपशॉट (मशीनच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्था) काढून टाका. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाइल गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण नव्या फाइलमध्ये जातं. पाच स्नॅपशॉट म्हणजे पाच थर. २५ जीबीच्या डिस्कने ३५ जीबी व्यापलेले असतात ते यामुळेच. स्नॅपशॉटच्या पानावर एकेक निवडून ‘डिलीट’ करा. यात आजची अवस्था जात नाही, थर एकमेकांत मिसळतात. ‘रिस्टोअर’ मात्र दाबू नका, त्याने मशीन जुन्या तारखेला जाईल. मिसळताना होस्टवर तात्पुरती जागा लागते, म्हणून ड्राइव्ह काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. आणि फाइल एक्सप्लोररमधून ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमधल्या फाइली हाताने कधीही उडवू नका. एक कडी गेली की तिच्यावर उभे असलेले सगळे थर निकामी होतात.

पायरी ३: गेस्टमधला पसारा आवरा. ‘सुडो एनसीडीयू -एक्स /’ चालवलं की कोणतं फोल्डर किती मोठं ते उतरत्या क्रमाने दिसतं (आधी ‘एनसीडीयू’ एपीटीने टाकून घ्या). मग पुढची साफसफाई.

‘सुडो एपीटी क्लीन’ने उतरवलेल्या पॅकेजच्या फाइली जातात. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने जुने कर्नल जातात, त्यांतला प्रत्येक काहीशे एमबीचा असतो. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=१००एम’ने नोंदी १०० एमबीपर्यंत खाली येतात (इथला ‘एम’ मोठ्या लिपीतला, म्हणजे कॅपिटल). ‘स्नॅप लिस्ट --ऑल’मध्ये ज्या ओळींपुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलं आहे त्या जुन्या आवृत्त्या ‘सुडो स्नॅप रिमूव्ह’, नाव आणि ‘--रिव्हिजन=’पुढे तिचा क्रमांक देऊन काढा. डॉकर असेल तर ‘डॉकर सिस्टिम प्रून -ए’ कित्येक जीबी मोकळे करतं, पण वापरात नसलेल्या सगळ्या इमेज त्यात जातात. त्याला ‘--व्हॉल्यूम्स’ जोडू नका, डेटाबेसचा डेटा तिथेच असू शकतो.

स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की तिथला माल ठेवायची डिस्कवरची जागा) बहुतेक जण विसरतात. ती २ जीबीची असेल आणि जुन्या कचऱ्याने भरलेली असेल, तर फाइल सिस्टिमच्या लेखी ती वापरातली जागा आहे आणि शून्य भरणारी साधनं तिला शिवत नाहीत. ‘स्वॅपऑन --शो’ने तिचं नाव पाहा, नव्या उबंटूत बहुधा ‘/स्वॅप.आयएमजी’. ‘सुडो स्वॅपऑफ -ए’ देऊन ती फाइल ‘आरएम’ने काढून टाका. सगळं आटोपल्यावर त्याच नावाने परत बनवायची: ‘फॅलोकेट -एल २जी’, मग ‘सीएचमॉड ६००’, मग ‘एमकेस्वॅप’, मग ‘स्वॅपऑन’, प्रत्येकाला सुडो आणि पुढे फाइलचं नाव. (‘जी’ मोठ्या लिपीतला.)

पायरी ४: मोकळी जागा शून्य करा. यासाठी ‘झीरोफ्री’ हे उत्तम साधन. ते फक्त जिथे खरंच जुना मजकूर उरला आहे तेवढ्याच मोकळ्या जागेवर शून्य लिहितं, त्यामुळे काम चालू असताना फाइल फुगत नाही. मात्र चालू असलेल्या फाइल सिस्टिमवर ते चालत नाही, म्हणून लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या उबंटूच्या फाइलवरून) बूट करा. सेटिंगमध्ये स्टोरेजखाली ऑप्टिकल ड्राइव्हला उबंटूची आयएसओ जोडा, तात्पुरती ४ जीबी रॅम द्या, होस्टवरचं बाकी सगळं बंद करा आणि ‘ट्राय उबंटू’ निवडा. टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल झीरोफ्री’. पॅकेज सापडलं नाही तर ‘सुडो ॲड-एपीटी-रिपॉझिटरी युनिव्हर्स’ देऊन पुन्हा प्रयत्न करा.

‘एलएसबीएलके’ने विभाग पाहा. मोठा, ईएक्सटी४चा (उबंटूच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमचा) विभाग बहुधा ‘एसडीए२’ असतो, पण आकारावरून खात्री करून घ्या. फाइल मॅनेजरमध्ये त्या डिस्कवर क्लिक करू नका, नाहीतर ती माउंट होईल आणि झीरोफ्री नकार देईल. मग ‘सुडो झीरोफ्री -व्ही /डेव्ह/एसडीए२’. एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी लिनक्सची सोय) वापरलेलं असेल तर आधी ‘सुडो व्हीजीचेंज -एवाय’ द्या आणि एसडीए२ऐवजी ‘/डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही’ हा पत्ता वापरा.

ईएक्सटी४ सोडून बीटीआरएफएस किंवा एक्सएफएस असेल तर झीरोफ्री उपयोगाचं नाही. तिथे चालू गेस्टमध्ये ‘डीडी’ने ‘/डेव्ह/झीरो’ मधून एक मोठी फाइल लिहीत जायची, जागा संपल्याची सूचना आली की ‘सिंक’ करून ती काढून टाकायची. ती सूचना येणं अपेक्षितच आहे. या पद्धतीत व्हीडीआय आधी आपल्या पूर्ण मर्यादेपर्यंत फुगते. ५० जीबीची डिस्क असेल तर होस्टवर ५० जीबीची सोय हवी, नाहीतर होस्टचा ड्राइव्ह भरून मशीन मध्येच थांबेल. आणि गेस्टची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर दोन्ही पद्धती वाया जातात, कारण आत लिहिलेली शून्यं बाहेर फाइलमध्ये विस्कटलेल्या अक्षरांच्या रूपात उतरतात.

पायरी ५: आक्रसवा. गेस्ट बंद करून आयएसओ काढा. होस्टवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या ओरॅकलच्या व्हर्च्युअलबॉक्स फोल्डरमध्ये जा आणि ‘व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क’, पुढे दुहेरी अवतरणचिन्हांत व्हीडीआयचा पूर्ण पत्ता आणि शेवटी ‘--कॉम्पॅक्ट’. पत्त्यात मोकळी जागा असली की अवतरणचिन्हांशिवाय कमांड फसते. टक्केवारी १००वर गेली की फाइलचा आकार पाहा.

आत ९ जीबी वापर असताना फाइल ११ जीबीवर आली तर काम फत्ते. १ एमबीच्या ठोकळ्यात एक जरी बाइट वापरात असेल तर अख्खा ठोकळा राहतो, म्हणून आतला आणि बाहेरचा आकडा तंतोतंत जुळत नाही. ही सोय व्हीडीआयसाठी आहे. डिस्क व्हीएमडीके प्रकारची असेल तर ‘क्लोनमीडियम’ने तिची व्हीडीआय प्रत बनवा, मशीनला ती जोडा, नीट बूट होते याची खात्री करा आणि मगच जुनी काढा. ‘फिक्स्ड साइज’ची डिस्क कॉम्पॅक्टने लहान होत नाही, तिचीही डायनॅमिक प्रत बनवावी लागते.

पुन्हा फुगू नये म्हणून

होस्टची डिस्क एसएसडी असेल तर गेस्टने ‘ही जागा मोकळी झाली’ असं बाहेर कळवण्याची सोय चालू करता येते. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत ‘सॉलिड-स्टेट ड्राइव्ह’ची खूण आहे, पण जागा परत करण्याचा पर्याय कमांडमधूनच द्यावा लागतो: ‘व्हीबॉक्समॅनेज स्टोरेजअटॅच’, मशीनचं नाव, ‘--स्टोरेजसीटीएल’ आणि कंट्रोलरचं नाव (स्टोरेजच्या पानावर जसं दिसतं तसं), ‘--पोर्ट ०’, ‘--डिव्हाइस ०’, ‘--टाइप एचडीडी’, ‘--मीडियम’ आणि फाइलचा पत्ता, ‘--नॉनरोटेशनल ऑन’, ‘--डिस्कार्ड ऑन’. त्यानंतर गेस्टमध्ये ‘सुडो एफएसट्रिम -एव्ही’ चालवलं की मोकळ्या जागेची यादी बाहेर जाते. उबंटूत हे काम आठवड्यातून एकदा आपोआप होतं. इथेही १ एमबीचा नियम लागू आहे, त्यामुळे बारीक फाइलींची जागा लगेच परत येत नाही.

केव्हीएम (लिनक्स होस्टवरची व्हर्च्युअल मशीनची सोय) वापरणाऱ्यांचं काम याहून सोपं. डिस्कचा बस व्हर्ट-आयओ आणि डिस्कार्ड ‘अनमॅप’ ठेवा, आणि मशीन बंद असताना क्यूकाऊ२ फाइलवर ‘व्हर्ट-स्पार्सिफाय --इन-प्लेस’ चालवा. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये ‘क्लीन अप डिस्क्स’ आहे, हायपर-व्हीमध्ये पॉवरशेलची ‘ऑप्टिमाइझ-व्हीएचडी’.

गेस्ट विंडोज असेल तर

आधी ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’, यामुळे हायबरनेशनची काही जीबींची फाइल जाते. व्हर्च्युअल मशीनला तिचा उपयोगही नाही. मग डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ निवडून विंडोज अपडेटचा उरलेला माल काढा. ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /स्टार्टकम्पोनंटक्लीनअप’ हे काम आणखी खोलवर करतं. जागेची फारच टंचाई असेल तर ‘कॉम्पॅक्ट /कॉम्पॅक्टओएस:ऑल्वेज’. त्याने विंडोजच्या स्वतःच्या फाइली दाबून ठेवल्या जातात, बदल्यात प्रोसेसरला थोडं काम वाढतं.

त्यानंतर ‘डीफ्रॅग सी: /एक्स’ने मोकळी जागा एका बाजूला गोळा करा. १ एमबीच्या ठोकळ्यांमुळे या पायरीने शेवटचा आकार चांगलाच कमी होतो. मग सिसइंटर्नल्सच्या ‘एसडिलीट’ला ‘-झेड सी:’ देऊन मोकळी जागा शून्य करा. काही जुन्या माहितीत ‘-सी’ हा पर्याय सांगितलेला दिसतो, पण आताच्या आवृत्त्यांत तो जागा शून्यांनी भरत नाही आणि फाइल फुगलेलीच राहते. एसडिलीटही सगळी मोकळी जागा लिहून काढतं, त्यामुळे होस्टवर डिस्कच्या पूर्ण मर्यादेएवढी जागा आधी पाहा. शेवटी तीच कॉम्पॅक्ट कमांड.

होस्टच्या बाजूने वेग

व्हीडीआय जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर ती एसएसडीवर हलवा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा बाकी सगळ्या सेटिंग मिळून पडत नाही. मशीनवर राइट क्लिक करून ‘मूव्ह’ वापरा म्हणजे पत्ते आपोआप बदलतात. वनड्राइव्ह ज्या फोल्डरला क्लाउडवर चढवतं तिथे मशीन ठेवू नका, आतल्या प्रत्येक बदलागणिक ती अवाढव्य फाइल पुन्हा चढवायचा प्रयत्न होत राहतो. डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये फक्त मशीनचं फोल्डर घाला, अख्खा ड्राइव्ह नको. आणि बॅटरी सेव्हर चालू असताना मशीनच्या वेगाबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका.

डिस्क आयडीई कंट्रोलरवर असेल तर साटावर घ्या. ‘यूज होस्ट आय/ओ कॅशे’ ही खूण केल्याने लिखाण झटपट झाल्यासारखं वाटतं, कारण माल होस्टच्या रॅममध्ये असतानाच गेस्टला ‘लिहून झालं’ असं सांगितलं जातं. लॅपटॉपला बॅटरी आहे, तिथे ठीक. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर, जिथे पावसाळ्यात लाइट कधीही जाते, ही खूण करू नका. गेस्टची फाइल सिस्टिम बिघडण्याचा हा सरळ मार्ग आहे.

गेस्ट अ‍ॅडिशन्स (गेस्टमध्ये बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) टाका: उबंटूत ‘व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-यूटिल्स’ आणि डेस्कटॉप असेल तर ‘व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११’. लिनक्ससाठी ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए, विंडोजसाठी व्हीबॉक्सएसव्हीजीए, व्हिडिओ मेमरी १२८ एमबी. थ्रीडी अ‍ॅक्सलरेशन दोन्ही तऱ्हांनी चालवून पाहा. काही ग्राफिक कार्डांवर त्याने पडदा सुरळीत होतो, काहींवर काळे पट्टे येतात.

शेअर्ड फोल्डर फाइल देण्याघेण्यापुरतंच वापरा. नोड.जेएसचे (जावास्क्रिप्टचे) प्रोजेक्ट, ज्यात हजारो बारीक फाइली असतात, तिथे ठेवले तर इन्स्टॉल आणि बिल्ड दोन्ही कमालीचे रेंगाळतात. कोड गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा आणि एसएसएचवरून एडिटर जोडा.

सुरू व्हायला वेळ लागत असेल तर ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ ब्लेम’ची यादी पाहा. प्रिंटरसाठीचं ‘कप्स’, ब्लूटूथ, ‘मोडेममॅनेजर’ (यातले दोन्ही शब्दांचे पहिले ‘एम’ मोठ्या लिपीतले) यांचं व्हर्च्युअल मशीनमध्ये काही काम नसतं, ‘सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल’ आणि पुढे नाव देऊन त्यांचं आपोआप सुरू होणं थांबवा. बरेच दिवसांनी उघडलेली मशीन पहिली काही मिनिटं मंदच चालते, कारण मागे साचलेले अपडेट तेव्हा उतरत असतात. ते अपडेट बंद करू नका, तेवढा वेळ त्यांना द्या.

जागा खरोखरच कमी पडली तर

‘मॉडिफायमीडियम’लाच ‘--रीसाइझ’ आणि एमबीतला नवा आकडा द्या, ४० जीबीसाठी ४०९६०. याने डिस्क वाढते, आतला विभाग वाढत नाही. तो लाइव्ह आयएसओवरून जीपार्टेडने वाढवावा लागतो. उबंटू सर्व्हरवाल्यांनी मात्र डिस्क वाढवायच्या आधी ‘सुडो व्हीजीएस’ चालवून ‘व्हीफ्री’ हा रकाना पाहावा. सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएममध्ये बरीचशी जागा न वापरता सोडून देतो, आणि डिस्क अर्धी रिकामी असताना ‘जागा संपली’ अशी सूचना येते. तसं असेल तर ‘सुडो एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही’ एवढ्यानेच काम होतं, रीबूटही लागत नाही. यात ‘फ्री’ मोठ्या लिपीत, दोन्ही डॅशवाली अक्षरं लहान.

दुसऱ्या लॅपटॉपवर नेताना

मशीन वर्गातल्या मित्राला किंवा सहकाऱ्याला द्यायची असेल तर फोल्डर कॉपी करण्याऐवजी ‘एक्सपोर्ट अप्लायन्स’ने ओव्हीए फाइल बनवा. तिच्यात डिस्क दाबून भरली जाते. शून्य करण्याची पायरी आधी केलेली असेल तर ओव्हीए आणखी लहान होते, कारण शून्यं दाबून जवळपास नाहीशी होतात आणि जुना डिलीट केलेला मजकूर मात्र तेवढा दाबला जात नाही. तो मजकूर समोरच्याच्या हातात पडू नये यासाठीही ही पायरी महत्त्वाची आहे. डिलीट केलेले पासवर्ड आणि खासगी की त्या मोकळ्या जागेतून परत काढता येतात.

ओव्हीए ४ जीबीहून मोठी असेल आणि पेन ड्राइव्ह फॅट३२चा असेल तर जागा शिल्लक असूनही कॉपी होणार नाही. त्या फॉरमॅटमध्ये एका फाइलची मर्यादाच ४ जीबीला एक बाइट कमी इतकी आहे. पेन ड्राइव्हवरचा डेटा आधी दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. समोरच्या लॅपटॉपवर इंपोर्ट करताना रॅम आणि कोअरचे आकडे विचारले जातात, तिथे तुमचे आकडे तसेच न ठेवता त्या लॅपटॉपच्या हिशेबाने भरा.